समोर हात पसरला की काय करायचं

तीस वर्षं मी कॅज्युअल्टीत सिस्टर होते. रस्त्यावर राहणारी, मागून खाणारी माणसं आमच्याकडे यायची ती बहुतेक रात्री, स्ट्रेचरवरून, एकटी. रजिस्टरमध्ये नावाच्या रकान्यात ‘अननोन’ लिहायचं, वय अंदाजे, पत्ता नाही. त्यांच्या पायाला चिकटून बसलेले मोजे मी सलाइनने भिजवून सोडवले आहेत, जखमेतल्या अळ्या चिमट्याने वेचल्या आहेत, आणि शुद्धीवर आल्यावर त्यांचं पहिलं वाक्य ऐकलं आहे. ‘मी कुठे आहे’ असं फार थोडे विचारत. बहुतेक जण विचारत, ‘माझी पिशवी कुठंय?’

पिशवीचं शेवटी सांगते.

निवृत्त झाल्यापासून शेजारी, नातेवाईक, सुनेच्या मैत्रिणी मला एकच विचारतात: भीक मागणाऱ्याला द्यावं की देऊ नये? त्यांना ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच ऐकायचं असतं. तसं उत्तर माझ्याकडे नाही. मी काय करते, कशासाठी करते आणि कुठे चुकले, तेवढं सांगू शकते.

आधी घरी बसून ठरवा

रस्त्यात उभं राहून ठरवायला गेलात, तर तुमच्या वतीने तुमची घाई ठरवते. अमेरिकेत प्रिन्स्टनमध्ये जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता, तो १९७३ साली प्रसिद्ध झाला. पाद्री होण्याचं शिक्षण घेणाऱ्या मुलांना त्यांनी एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत भाषण द्यायला पाठवलं. वाटेत एका दारात एक माणूस वाकून बसवला होता, खोकणारा, कण्हणारा. काही मुलांचं भाषण तर बायबलमधल्या त्या भल्या वाटसरूवरच होतं, जो रस्त्यात जखमी पडलेल्याला उचलतो. भरपूर वेळ आहे असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यातल्या ६३ टक्के मुलांनी काही ना काही मदत केली. उशीर झालाय असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यातल्या फक्त १० टक्क्यांनी. भाषणाच्या विषयाने फारसा फरक पडला नाही. ड्युटी संपायला पाच मिनिटं उरली असताना आलेल्या पेशंटशी मी कशी बोलायचे ते मला आठवतं, म्हणून या आकड्यांचं मला नवल वाटत नाही.

तेव्हा महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, शांतपणे, एक रक्कम ठरवा. स्वतःला तोशीस न लावता देता येईल एवढीच. तिचे सुटे करून घ्या आणि एका वेगळ्या छोट्या थैलीत ठेवा, पर्समध्ये नको. हल्ली सगळे व्यवहार मोबाइलवर होतात, खिशात नाणं सापडत नाही, आणि द्यायची इच्छा असूनही हात रिकामा राहतो. शिवाय समोरच्याच्या डोळ्यांदेखत पाकीट उघडून, मोठ्या नोटा बाजूला सारत सगळ्यात लहान नाणं शोधणं ही गोष्ट त्याला काय वाटत असेल? थैली वेगळी असली की हात घातला, दिलं, झालं.

थैली रिकामी झाली की त्या महिन्याचं देणं संपलं. मग जो भेटेल त्याला ‘नाही’ म्हणायचं, आणि ते म्हणताना मनाला टोचणी लावून घ्यायची नाही. कुणाला द्यायचं हेही आधीच ठरवा. माझा नियम साधा आहे: मोठं माणूस मागेल आणि थैलीत असेल, तर देते. चेहरा बघून, कपडे बघून, कारण ऐकून नाही. रोख पैसे मुलांच्या हातात देत नाही. ज्यांना रस्त्यात अजिबात द्यायचं नाही, सगळी रक्कम एखाद्या निवाऱ्याला किंवा दवाखान्याला द्यायची आहे, त्यांनीही घरीच तसं ठरवावं आणि खरंच पाठवावी. ‘मी संस्थेलाच देते’ म्हणणाऱ्या कितीतरी जणी मला माहीत आहेत. कुठल्या संस्थेला, असं विचारलं की नाव आठवत नाही.

पात्रता तपासू नका

सत्पात्री दान हा शब्द आपण लहानपणापासून ऐकतो. पात्र माणसाला द्यावं, यात चूक काही नाही. पण सिग्नल सुटायच्या आत, वीस सेकंदांत, पात्र कोण हे कळतं असं आपण धरून चालतो. मी त्या माणसांचे कपडे उतरवून, रक्त तपासून, एक्सरे काढूनही कित्येकदा तासभर गोंधळलेली असायचे.

‘हातीपायी धड आहेस, काम कर की’ हे वाक्य आजचं नाही. इंग्लंडमध्ये १६०१ साली गरिबांचा कायदा झाला, त्यात म्हातारे, आजारी, अपंग यांना आधार आणि धडधाकट असतील त्यांना कामाला जुंपायचं, अशी विभागणी होती. चारशे वर्षं होऊन गेली, आपण गाडीच्या काचेआडून तीच विभागणी करतो.

आमच्याकडे एक माणूस वर्षात तीनदा आला. पस्तिशीचा, रुंद खांद्यांचा, बघणाऱ्याला वाटावं पोती उचलत असेल. एका चौकात मागायचा आणि लोकांच्या शिव्या खायचा. तिन्ही वेळा तो फिट येऊन पडला होता. आधी ट्रक चालवायचा. गाडी चालवताना एकदा फिट आली आणि काम सुटलं. पुढे जिथे लागला तिथे एकदा पडला की दुसऱ्या दिवशी येऊ नकोस म्हणत. मी म्हटलं, लोकांना सांगत का नाही हे? तो म्हणाला, ‘सिस्टर, फिट येते असं कळलं तर त्या चौकातही उभं राहू देणार नाहीत.’ मिरगी, क्षय, कानात घुमणारे आवाज, बहिरेपण, तुरुंगातून सुटल्यानंतर कुणी दारात उभं न करणं: यातलं काहीही काचेतून दिसत नाही.

आपण दोष शोधतो तो दुष्टपणाने नव्हे. मेल्विन लर्नर या मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात काही लोकांना एक दृश्य दाखवलं: चुकीचं उत्तर दिलं की एका बाईला विजेचे झटके बसतायत. झटके खोटे होते, पण बघणाऱ्यांना ते माहीत नव्हतं. त्रास थांबवणं ज्यांच्या हातात नव्हतं, ते थोड्या वेळाने त्या बाईलाच नावं ठेवू लागले. जगात ज्याला जे मिळतं ते त्याच्या कर्माप्रमाणे, हा विश्वास टिकवायचा तर समोर होरपळणाऱ्याची काहीतरी चूक असायलाच हवी. मला हे वाचून माझीच एक रात्र आठवली. दारूचा वास येणारा एक माणूस आला. मी म्हटलं, कोपऱ्यात झोपवा, सकाळपर्यंत उतरेल. चाळीस मिनिटांनी एका शिकाऊ डॉक्टरने त्याचं बोट टोचून साखर तपासली. ३२. सत्तरच्या खाली गेली तरी आम्ही धावपळ करतो. ग्लुकोज लावल्यावर तो वाचला. पण ती चाळीस मिनिटं माझी होती, वासावरून मीच निकाल दिला होता, आणि ते मी विसरलेली नाही.

आता ढोंगाबद्दल. ढोंग असतं. बँडेज बांधून बसणारे असतात, धड पाय दुमडून घेणारे असतात. पण ड्रेसिंगच्या टेबलावर मला दुसरं एक दिसलं. एक बाई पोटरीवरची जखम घेऊन यायची. आम्ही स्वच्छ करायचो, बांधायचो, चार दिवसांनी यायची तर पट्टी गायब आणि जखम उघडी, माती लागलेली. एकदा मी चिडून बोलले. ती शांतपणे म्हणाली, ‘पट्टी असली की कुणी देत नाही, जखम भरली तर त्याहून देणार नाहीत.’ मी त्यानंतर तिला कधी रागावले नाही. दिसेल असं दुःख असेल तरच आपण देतो. मग दुःख दिसतं ठेवावं लागतं. हे समजल्यावर मी दोन गोष्टी बदलल्या. जखम दाखवणाऱ्याला जास्त आणि न दाखवणाऱ्याला कमी, असं करायचं नाही; दोघांना सारखंच. आणि जखम दिसली तर पैसे देऊन झाल्यावर एक वाक्य बोलायचं: ‘ड्रेसिंग कुठे करता?’ जवळच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसिंग किती वाजता होतं हे मी माहीत करून ठेवलं आहे. तुम्हीही ठेवा. एवढी माहिती कधी कधी नाण्यापेक्षा उपयोगी पडते.

‘दारूच पिईल’ याचं काय

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून सविस्तर सांगते.

पहिली गोष्ट वैद्यकीय. वर्षानुवर्षं रोज भरपूर दारू पिणाऱ्याची दारू एकदम तुटली, तर सहा ते चोवीस तासांत हात थरथरायला लागतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, ताप चढतो, आणि उपचार नाही मिळाले तर माणूस मरू शकतो. म्हणून दारू सोडवायची ती डॉक्टरच्या देखरेखीखाली, औषधं देऊन. सकाळी सातला कापणाऱ्या हाताने पैसे मागणारा माणूस चैन करायला निघालेला नसतो. त्याला पैसे द्या असं मी म्हणत नाही. मात्र ‘पैसे नाही दिले तर आपोआप सुटेल’ हे कुणी म्हणू नये.

दुसरी गोष्ट आकड्यांची. जागतिक बँकेच्या डेव्हिड इव्हान्स आणि ॲना पोपोव्हा यांनी आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतले, गरीब कुटुंबांना रोख पैसे देण्याच्या योजनांवरचे १९ अभ्यास एकत्र करून तपासले. रोख हाती आल्यावर दारू आणि तंबाखूवरचा खर्च वाढला, असं त्यातून निघालं नाही. कॅनडात व्हँकूव्हर शहरात २०१८ साली ५० बेघर माणसांना एकरकमी साडेसात हजार कॅनडियन डॉलर दिले, कुठलीही अट न घालता. वर्षभरात ही माणसं, ज्यांना रक्कम मिळाली नव्हती त्यांच्या तुलनेत, ९९ दिवस कमी बेघर राहिली. व्यसनावरचा खर्च वाढला नाही. संशोधकांनी सामान्य लोकांनाही विचारलं होतं, की बेघर माणसाला एवढे पैसे दिले तर तो काय करेल. लोकांनी धरलेला व्यसनावरचा खर्च प्रत्यक्षापेक्षा फार जास्त होता. खरं तेही सांगायला हवं: या प्रयोगात गंभीर व्यसन किंवा गंभीर मानसिक आजार असलेली माणसं घेतलेली नव्हती. तरीही रस्त्यावरच्या प्रत्येकाला दारुडा समजण्याचा आपला हिशोब चुकतो, एवढं त्यातून नक्की कळतं.

एवढं ऐकूनही पैसे द्यायला मन धजत नसेल, तर वस्तू द्या. पण आधी विचारा. ‘काय हवंय?’ हे दोन शब्द. मी एकदा एका आजींना कडक काहीतरी खायला दिलं आणि त्या नुसत्या हातात धरून बसल्या. तोंडात दात नव्हते. रस्त्यावरच्या माणसांचे दात लवकर जातात. कुणाला मधुमेह असतो आणि सकाळपासून पाच जणांनी गोडच दिलेलं असतं. न विचारता दिलेली वस्तू त्याच्यापेक्षा आपल्या समाधानाच्या कामी येते.

माझ्या अनुभवात लोकांनी जे मागितलं ते सांगते. कोरडे मोजे, ओल्या मोज्यांत दिवसरात्र राहिलेला पाय सडायला लागतो, आणि मोजे उतरवल्याशिवाय ते कुणाला कळत नाही. मापाच्या चपला. बायकांनी, इकडेतिकडे बघत, हळू आवाजात, पॅड. प्लास्टिकचा मोठा कागद. साबणाची लहान वडी. झाकण घट्ट बसणारी बाटली. चष्मा, हे तर किती जणांनी. आणि फोन चार्ज करून मिळेल का, असंही. फोन आहे म्हणजे गरीब नाही, असं बोलू नका; काम मिळालं तर ते त्या फोनवरच कळणार असतं.

दिल्यावर मागे वळून तो काय करतो ते पाहायचं नाही. उपदेश करायचा नाही. आणि फोटो काढायचा नाही, कुठल्याही कारणाने. वॉर्डात पेशंटचा फोटो त्याच्या परवानगीशिवाय काढला असता तर माझी नोकरी गेली असती. फुटपाथवर तो नियम सैल होत नाही.

नाही म्हणायचं ते असं

देण्यापेक्षा हे जास्त वेळा करावं लागतं, आणि हे कुणी शिकवत नाही.

थांबायची गरज नाही, चाल हळू करा. चेहऱ्याकडे बघा. आईच्या वयाची असेल तर मावशी, आजी. बापाच्या वयाचा असेल तर काका. तरुण असेल तर दादा, ताई. अनोळखी मोठ्या माणसाला ‘तुम्ही’ म्हणता ना, तसंच यांनाही म्हणा. मग स्पष्ट: ‘आज नाही जमणार, काका.’ एवढंच. ‘सुटे नाहीत’ म्हणू नका, खोटं असेल तर नक्कीच नाही. ती माणसं दिवसभर हेच ऐकतात आणि आवाजावरून ओळखतात. ‘उद्या देते’ तर मुळीच नको. मी एका मुलीला, कोपर भाजलेल्या, वॉर्डात असताना असं सहज म्हटलं होतं, की उद्या तुला कंगवा आणते. विसरले. ती दाराकडे बघत बसलेली असायची.

पाय गमावलेला एक पेशंट होता, सिग्नलवर बसणारा. तो म्हणाला, ‘काच वर करतात त्याचं वाईट वाटत नाही हो. पण काच वर करताना माझ्याकडे बघत नाहीत, बटणाकडे बघतात.’ लसाना हॅरिस आणि सुसान फिस्क या संशोधकांनी २००६ साली लोकांना वेगवेगळ्या माणसांची छायाचित्रं दाखवून त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. माणसाचा विचार करताना मेंदूचा जो भाग जागा होतो, तो बेघर आणि व्यसनी लोकांची छायाचित्रं बघताना तितका जागा होत नव्हता. फिस्क यांच्या पुढच्या कामात असं दिसलं, की त्या माणसाला कुठली भाजी आवडत असेल, असा साधा प्रश्न विचारला तरी तो भाग पुन्हा चालू होतो. म्हणून मी मनातल्या मनात प्रत्येकाबद्दल एक प्रश्न विचारते. यांना लहानपणी कोण उठवत असेल? कुठल्या कुशीवर झोपत असतील? पैसे नसतानाही हे करता येतं.

कुणी अंगावर आलं, रस्ता अडवला, एकट्या बाईचा पाठलाग केला, तर हे सगळं बाजूला ठेवा आणि गर्दीच्या, उजेडाच्या जागी जा. गरीब आहे म्हणून धमकी सहन करायची नसते.

मुलं

मुलांच्या हातात रोख नको, असं मी म्हणते त्याचं कारण सरळ आहे. मुलाची रस्त्यावरची कमाई जितकी चांगली, तितकं त्याचं शाळेत जाणं घरच्यांना महाग पडतं. आणि घरचे नसून दुसराच कुणी पैसे गोळा करत असेल, तर आपण त्याचा धंदा चालवतो. जबरदस्तीने भीक मागायला लावणं हे मानवी तस्करीतलं शोषण आहे, असं युरोपीय संघाच्या २०११ च्या निर्देशात स्पष्ट लिहिलेलं आहे. पण भीक मागणारं प्रत्येक मूल पळवलेलं असतं, असंही समजू नका. बरीच मुलं आपल्या आईबरोबर, भावंडांबरोबर असतात. आईवर ओरडून, मूल ओढून घेऊन, गर्दी जमवून भलं होत नाही. एकच मूल रोज वेगवेगळ्या मोठ्या माणसांबरोबर दिसत असेल, अंगावर वळ असतील, कुणीतरी लांबून नजर ठेवून पैसे काढून घेत असेल, तर जागा, वेळ आणि वर्णन लिहून घ्या आणि मुलांच्या हेल्पलाइनला कळवा. बऱ्याच देशांत असा नंबर आहे, भारतात १०९८. तो फोनमध्ये आधीच साठवून ठेवा.

कडेवरच्या झोपलेल्या बाळाबद्दल लोक खात्रीने बोलतात, की त्याला गुंगीचं औषध दिलंय. तान्हं मूल गोंगाटातही गाढ झोपतं, त्यामुळे नुसत्या झोपेवरून मी काही म्हणणार नाही. पण बाळ लुळं पडलं असेल, हलवल्यावर, टाच टिचकावल्यावरही रडत नसेल, ओठ निळसर असतील, श्वास फार हळू किंवा घरघरत असेल, तर ती इमर्जन्सी आहे. आईला सांगा आणि ॲम्ब्युलन्स बोलवा, दोन्ही एकदमच.

मुलाला काही द्यायचंच असेल तर लगेच तिथेच वापरता येईल असं द्या, आणि खाली वाकून त्याच्या उंचीवर येऊन बोला.

थैलीपलीकडे

एक नाणं एक दिवसही पुरत नाही, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे. म्हणून थैलीबरोबर आणखी एक काम अंगावर घ्या: आपल्या भागात या माणसांबद्दल जे बोललं जातं, त्यात तोंड उघडा. आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये कोपऱ्यावरच्या लोकांना ‘हटवण्यासाठी’ अर्ज फिरला, तेव्हा मी सही केली नाही आणि का नाही ते उभं राहून सांगितलं.

हटवण्याचे कायदे जुने आहेत. इंग्लंडने १८२४ साली भीक मागणं आणि उघड्यावर झोपणं गुन्हा ठरवलं. मुंबई राज्यात १९५९ साली झालेला कायदा भीक मागणाऱ्याला पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं डांबू शकतो. ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या कायद्यातली भीक मागणं गुन्हा ठरवणारी कलमं दिल्लीपुरती रद्द केली. १९ जानेवारी २०२१ ला युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने एका निरक्षर तरुणीच्या बाजूने निकाल दिला. ती युरोपातल्या रोमा या उपेक्षित समाजातली, स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हात भीक मागणारी. तिला भीक मागितल्याबद्दल ५०० फ्रँक दंड झाला होता, आणि तो भरता आला नाही म्हणून पाच दिवस तुरुंग. जिच्याकडे काही नाही म्हणून ती मागते, तिच्याकडेच दंड मागायचा. न्यायालयाने म्हटलं, आपली गरज दुसऱ्याला सांगणं हा माणसाच्या प्रतिष्ठेचा भाग आहे.

घरातही बोला. अल्बर्टो अलेसिना हे अर्थशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली, जगभरातले लोक काय मानतात याच्या एका पाहणीतले आकडे मांडले होते: गरीब हे आळशी असतात असं मानणारे अमेरिकेत ६० टक्के, युरोपात २६ टक्के. माणसं दोन्हीकडे सारखीच. फरक आहे तो कानावर काय पडतं याचा. माझ्या नातवाने विचारलं, ‘ते आजोबा अभ्यास करत नव्हते का?’ तेव्हा मला कळलं की हे त्याने कुणाकडून तरी ऐकलंय, आणि आम्ही त्या आजोबांना त्यांचं नाव विचारून आलो.

निवाऱ्याला देणगी देणार असाल तर आधी जाऊन चार प्रश्न विचारा. नवरा-बायको एकत्र राहू शकतात का? सामान ठेवायला कुलूप आहे का? दारू प्यायलेल्याला दारातून परत पाठवता का? दिवसा बाहेर काढता का? ‘तिकडे जागा आहे तरी जात नाहीत’ अशी तक्रार आपण ऐकतो, तिची कारणं या उत्तरांत असतात. फिनलंडने २००८ पासून उलटी पद्धत धरली: आधी कुलूप-किल्ली असलेलं घर, मग व्यसनाचे आणि आजाराचे उपचार. २०२३ पर्यंत तिथे बेघरांची संख्या निम्म्याहून खाली आली होती.

झोपलाय की पडलाय

माझ्या हातात असतं तर सगळं सोडून फक्त हेच शिकवलं असतं. रस्त्याकडेला आडवा माणूस दिसला की आपण म्हणतो, पिऊन पडला असेल. साखर उतरली की जीभ अडखळते, तोल जातो. डोक्याला मार बसला तरी तसंच. अर्धांगाच्या झटक्यातही तसंच. फिट येऊन गेल्यानंतर माणूस बराच वेळ असंबद्ध बोलतो. दारू प्यायलेल्या माणसालाही यातलं काहीही होऊ शकतं, आणि वास येतो म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नाही.

दोन हात लांब उभं राहून, पायांच्या बाजूने, मोठ्याने हाक मारा: ‘काका, बरं आहे ना?’ डोळे उघडले, शिवी दिली, कूस बदलली, तरी चांगलं आहे. तुमचं काम झालं. उत्तर आलं नाही तर खांद्याला हलवा. तरीही काही नाही, तर ॲम्ब्युलन्सला फोन करा, स्पीकरवर ठेवा, आणि छाती वरखाली होतेय का ते दहा सेकंद बघा. श्वास नीट चालू असेल तर एका कुशीवर वळवा, डोकं किंचित मागे, तोंड जमिनीकडे, म्हणजे उलटी झाली तरी श्वासनलिकेत जाणार नाही. श्वास नसेल किंवा नुसत्या मधूनमधून उचक्यांसारखा असेल, तर छातीच्या मधोमध दोन्ही तळवे ठेवून जोरात आणि भराभर दाबत राहा, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, मदत येईपर्यंत. फिट चालू असेल तर धरून ठेवू नका, तोंडात काही घालू नका, डोक्याखाली मऊ काहीतरी सरकवा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली तर ते फोनवर आवर्जून सांगा. बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नका. उन्हात अंग भाजत असेल आणि बडबड चालली असेल तर सावलीत घ्या, कपडे ओले करा, वारा घाला. कडक थंडीत कुडकुडणारा माणूस अचानक कुडकुडायचा थांबला, तर ते बरं वाटण्याचं लक्षण नव्हे.

आणि आता पिशवी. स्ट्रेचर उचललं जातं तेव्हा ती भिंतीपाशी राहून जाते, कारण ती कुणालाच सामान वाटत नाही. आम्ही वॉर्डात वस्तूंची यादी करायचो, म्हणून मला माहीत आहे आत काय असतं. दुसऱ्या दवाखान्याचा, घडी पडून फाटलेला डिस्चार्ज कागद, ज्यावर लाल शाईने लिहिलेलं असतं की पेनिसिलिन देऊ नका. फिटच्या गोळ्यांची अर्धी स्ट्रिप. ओळखपत्र, प्लास्टिकच्या तीन थरांत. कुणाचा तरी फोन नंबर, औषधाच्या खोक्याच्या तुकड्यावर. ती पिशवी बरोबर आली की ‘अननोन’च्या जागी नाव लिहिता यायचं.

तेव्हा ती उचला, मळकी असली तरी. ॲम्ब्युलन्समध्ये त्यांच्या पायांपाशी ठेवा, सोबतच्या माणसाला दाखवा. मग त्यांच्या कानाशी वाकून सांगा, ‘काका, पिशवी इथेच ठेवलीय, पायाशी.’ डोळे मिटलेले असले तरी सांगा. बेशुद्ध दिसणाऱ्या माणसाला कधी कधी ऐकू येत असतं.